लहानांची दुःखे आणि मोठ्यांचे अंदाजपत्रक

लहान मुलासाठी पुस्तक घ्यायला आलेला आपल्याकडचा पालक दुकानदाराला बहुधा एकच प्रश्न विचारतो. यातून मुलाला काय शिकायला मिळेल? दुकानदारही या प्रश्नाला सरावलेला असतो. अक्षरओळख, फळे व प्राणी, थोरांची चरित्रे, तात्पर्यासह इसापनीती असा माल तो तत्परतेने पुढे करतो. या मालात एका जातीचे पुस्तक सहसा नसते, आणि असलेच तर पालक ते चाळून खाली ठेवतो. त्या पुस्तकात राजा नसतो, राक्षस नसतो आणि तात्पर्यही नसते. घरात धाकटे भावंड आल्यामुळे आई आपल्याला विसरली, असे एका मुलाला वाटते. शेजारचा मित्र रंगीत खडू देत नाही म्हणून दुसरा एक मुलगा त्याच्याशी कट्टी करतो. कोणाचे तरी जुने, मळके खेळणे हरवते. बत्तीस पानांत घडते ते एवढेच. एवढ्याशा गोष्टीसाठी पैसे कशाला मोडायचे, असा विचार करून पालक पुढच्या फळीकडे वळतो.

या पालकाला दोष देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. मर्यादित उत्पन्नातून खर्च करणाऱ्याने उपयोगाचा हिशेब करणे योग्यच असते. प्रश्न इतकाच की हा हिशेब बरोबर आहे काय? लहान मुलाच्या घरातील व मैत्रीतील रोजच्या दुःखांविषयीची चित्रपुस्तके ही खरोखरच चैनीची वस्तू आहे काय? माझे उत्तर नकारार्थी आहे. ही पुस्तके लहान मुलांच्या गरजेची आहेत आणि ती केवळ पैसेवाल्यांच्या मुलांना मिळावीत, ही स्थिती शासन व समाज यांनी बदलण्याजोगी आहे.

दुःखाचे मोजमाप

मुलांची दुःखे किरकोळ असतात, हा समज आपल्यात खोल रुजलेला आहे. ‘त्यात काय रडायचे एवढे!’ हे वाक्य ज्या घरात ऐकू येत नाही असे घर विरळाच. पण किरकोळ म्हणजे कोणाच्या मापाने? १७३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने मोठा मार्मिक विचार मांडला होता. रकमेचे महत्त्व रकमेच्या आकड्यावर ठरत नाही, ती ज्याच्या हाती येते त्याच्यापाशी आधी किती आहे यावर ते ठरते. अर्थशास्त्राचे विद्यार्थी पुढे हाच विचार घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम म्हणून शिकतात. शंभराची नोट हरवली तर पेढीवाल्याला त्याचे काही वाटणार नाही, रोजंदारीवरच्या बाईची मात्र त्या दिवसाची चूल अडेल.

दुःखाला हाच न्याय लावून पाहावा. चार वर्षांच्या मुलाची एकूण मालमत्ता किती असते? आईची मांडी, झोपण्याची ठरलेली जागा, एखादे खेळणे आणि एखादा मित्र. त्याच्यापाशी शिल्लक नसते, पत नसते आणि विमाही नसतो. कट्टी झाल्यावर बट्टी होते, हा अनुभवही अजून त्याच्या गाठीला पुरेसा जमलेला नसतो. आपल्या दृष्टीने एक वर्ष म्हणजे आयुष्याचा चाळिसावा किंवा पन्नासावा हिस्सा. त्याच्या दृष्टीने तो चौथा हिस्सा असतो. आई बाळंतपणासाठी दोन महिने दूर राहिली, तर तो काळ त्याने कोणत्या मापाने मोजावा? एकुलता मित्र दुसऱ्याशी खेळू लागला, तर त्याचे जवळजवळ सगळे भांडवल बुडाल्यासारखे होते. तेव्हा लहान मुलाचे दुःख लहान असते हे म्हणणे शास्त्रालाही धरून नाही. लहान असते ते त्याचे दुःख सांगण्याचे सामर्थ्य. त्याच्यापाशी शब्द नसतात, म्हणून ते पाय आपटते, अंथरूण ओले करते किंवा पाळण्यातल्या बाळाला चिमटा काढते.

चांगले चित्रपुस्तक नेमके येथे उपयोगी पडते. आपल्याला जे होते आहे ते दुसऱ्या एका मुलालाही झाले, त्याचे चित्र निघाले, त्याची गोष्ट झाली आणि आपले मोठे माणूस ती गोष्ट गांभीर्याने वाचून दाखवीत आहे, एवढे मुलाला कळले की त्याच्या दुःखाला घरात मान्यता मिळते. पुष्कळदा मुलाला एवढेच हवे असते.

तीन पुस्तके

विधान मोघम राहू नये म्हणून तीन पुस्तकांची उदाहरणे घेऊ. पहिले पुस्तक इंग्लंडमधील शर्ली ह्यूझ यांचे ‘डॉगर’. १९७७ साली ते प्रसिद्ध झाले आणि बालपुस्तकांतील उत्तम चित्रांसाठी ब्रिटनमध्ये दिले जाणारे केट ग्रीनअवे पदक त्याला मिळाले. तीस वर्षांनी, २००७ मध्ये, त्या पदकाच्या आजवरच्या मानकऱ्यांतून एकाची निवड करण्यास वाचकांना सांगण्यात आले, तेव्हाही त्यांनी याच पुस्तकाला कौल दिला. त्यातील कथा अगदी साधी आहे. डेव्ह नावाच्या मुलाचा डॉगर हा कापडी कुत्रा हरवतो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या जत्रेत जुन्या खेळण्यांच्या टेबलावर तो डेव्हला दिसतो. त्याच्यावर पाच पेन्सची चिठ्ठी असते. डेव्ह पैशांसाठी घरच्यांना शोधायला धावतो आणि तेवढ्यात दुसरी एक मुलगी कुत्रा विकत घेते. ती काही केल्या तो परत देत नाही. शेवटी डेव्हची मोठी बहीण बेला त्याच जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेले आपले मोठे, देखणे अस्वल त्या मुलीला देते आणि बदल्यात डॉगर सोडवून आणते.

विनिमयमूल्य आणि उपयोगितामूल्य यांतील फरक समजावून सांगताना आम्ही अध्यापक पाणी आणि हिरे यांचे जुने उदाहरण देतो. या पुस्तकाने तोच फरक पाच वर्षांच्या मुलाला कळेल असा मांडला आहे. बाजाराने डॉगरची किंमत पाच पेन्स ठरविली. डेव्हच्या लेखी त्याला किंमतच लावता येत नव्हती. आणि बाजारात ज्याचे मोल कितीतरी अधिक होते ते अस्वल बेलाने भावासाठी देऊन टाकले. विशेष म्हणजे लेखिकेने बेलाच्या त्यागाचा गौरव करणारे एकही प्रवचन केलेले नाही. ते अस्वल अंथरुणात घेतले असते तर मला झोपायला जागाच उरली नसती, अशा अर्थाचे काहीतरी बोलून बेला विषय संपविते. त्यागाचा असा खराखुरा सूर बोधकथांतून क्वचितच ऐकू येतो.

दुसरे पुस्तक अमेरिकेतील एझ्रा जॅक कीट्स यांचे ‘पीटरची खुर्ची’, प्रकाशन १९६७. पीटरला बहीण झाली आहे. त्याचा पाळणा आणि त्याची जेवणाची उंच खुर्ची तिच्यासाठी गुलाबी रंगवली गेली आहे. एक छोटी खुर्ची तेवढी रंगवायची राहिली आहे. ती उचलून, कुत्र्याला बरोबर घेऊन, पीटर घर सोडतो आणि घराच्या दाराबाहेरच मुक्काम ठोकतो. तेथे खुर्चीवर बसायला जातो, तो काय, तो तिच्यात मावतच नाही. शेवटी तोच वडिलांबरोबर बसून ती खुर्ची बहिणीसाठी रंगवतो. मोठे होण्यात जसे काही गमवावे लागते तसे मिळतेही, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. त्या न मावणाऱ्या खुर्चीनेच ते त्याला शिकविले आहे.

तिसरे पुस्तक याहून जुने, १९६१ मधले. जॅनिस मे उड्री यांनी लिहिलेल्या आणि मॉरिस सेंडाक यांनी चित्रे काढलेल्या या पुस्तकाचे नाव मराठीत ‘चल, वैरी होऊ या’ असे सांगता येईल. जॉनची जेम्सविरुद्ध रीतसर तक्रार आहे. जेम्सला नेहमी पुढारी व्हायचे असते आणि खडूही सगळे तोच घेतो. हे वैर जाहीर करायला जॉन त्याच्या दारी जातो, वैर जाहीरही होते, आणि थोड्याच वेळात दोघे चाकांच्या बुटांची एकच जोडी एकेक वाटून घेऊन खेळू लागतात. मध्यस्थ म्हणून एकही मोठे माणूस मधे पडत नाही. माफीही कोणी मागत नाही. मुलांची भांडणे अशीच सुरू होतात आणि अशीच मिटतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

तिन्ही पुस्तकांत एक समान सूत्र आहे. मुलाचा मत्सर, राग, हट्ट यांना अपराध मानलेले नाही. शिक्षा नाही, खलपुरुष नाही आणि शेवटी काळ्या चौकटीत छापलेला बोधही नाही.

एक जुना वाद

रोजच्या जगण्यातल्या गोष्टी मुलांना द्याव्यात की नाही, हा वाद नवा नाही. न्यू यॉर्कमध्ये लूसी स्प्रेग मिचेल या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९२१ मध्ये ‘येथील आणि आताच्या’ गोष्टींचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. लहान मूल जे पाहते, ऐकते, हाताळते तेथूनच त्याच्या गोष्टीची सुरुवात व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. परीकथांना मान देणाऱ्या तेथील मातब्बर ग्रंथपालांना तो रुचला नाही. पुढे १९७६ मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांनी याच्या बरोबर उलट बाजू मोठ्या ताकदीने मांडली. मुलांच्या मनातील खोल भीती व मत्सर यांना वाट परीकथाच करून देतात, सावत्र आई आणि राक्षस यांच्या रूपाने मूल आपल्याच भावना सुरक्षित अंतरावरून पाहते, आणि वास्तवातल्या गोड-गोड गोष्टी ते काम करू शकत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

बेटलहाइम यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या चिऊताईची गोष्ट घ्या. पावसात घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो आणि चिमणी बाळाची एकेक कामे सांगून त्याला तिष्ठत ठेवते. शेजारधर्म आणि घरात शिरू पाहणाऱ्या परक्याविषयीची धास्ती यांचा झगडाच या गोष्टीत आहे, आणि म्हणूनच मराठी मुलांच्या पिढ्यान् पिढ्या ती ऐकत आल्या आहेत. तेव्हा पंचतंत्र, परीकथा आणि चिऊकाऊ यांना घराबाहेर काढा, असे कोणी सुज्ञ माणूस म्हणणार नाही. पण पाच वर्षांचे मूल कावळ्याच्या रूपाने आपली भावना ओळखील, म्हणून त्याने आपल्याच घरातली, आपल्याच नावाची भावना कधी ओळखूच नये, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. मुलाला दूरचे चित्र दाखविणारी दुर्बीण हवी, तसा आपला चेहरा दाखविणारा आरसाही हवा. बेटलहाइम यांचा खरा आक्षेप गोड-गोड गोष्टींवर होता. ‘डॉगर’ किंवा ‘पीटरची खुर्ची’ ही गोड-गोड पुस्तके नव्हेत.

मराठीतील वाट

आपल्याकडे बालशिक्षणाचा विचार उशिरा सुरू झाला असे नाही. नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना १९२६ सालची. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी मूल हे लहान आकाराचे प्रौढ माणूस नव्हे हा विचार त्या काळी या भागात रुजविला. पुढे १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला ताराबाईंनी व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा नेली. विचार होता, माणसे होती. मात्र त्या विचाराला शोभेल असे रंगीत चित्रपुस्तक सामान्य मराठी मुलाच्या हाती पडायला पुष्कळ वर्षे लागली. दिल्लीत १९५७ साली राष्ट्रीय पुस्तक न्यास स्थापन झाला आणि त्याच वर्षी व्यंगचित्रकार शंकर यांनी बालपुस्तक न्यास उभारला. त्यामुळे स्वस्त व देखणी पुस्तके आली. पण त्यांत लोककथा, निसर्ग, इतिहास यांचा भरणा अधिक होता.

मराठी घरातले मराठी मूल चित्रपुस्तकात ठसठशीतपणे आणण्याचे श्रेय माधुरी पुरंदरे यांना द्यावे लागेल. ज्योत्स्ना प्रकाशनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ‘राधाचं घर’ या संचात घरातली माणसे राधाच्या उंचीवरून दिसतात. यश या मुलाच्या पुस्तकांतूनही असेच रोजचे जगणे येते. लेखन त्यांचे आणि चित्रेही त्यांचीच, त्यामुळे शब्दांनी जे सांगायचे नाही ते चित्र सांगते. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आणि २०१६ मध्ये टाटा न्यासाच्या पराग उपक्रमाने सुरू केलेल्या पुरस्काराच्या त्या पहिल्या मानकरी ठरल्या. चेन्नईची तूलिका ही प्रकाशनसंस्था १९९६ पासून आणि बंगळूरची प्रथम बुक्स ही संस्था २००४ पासून अनेक भारतीय भाषांत चित्रपुस्तके काढीत आहेत, आणि मराठी त्यांपैकी एक आहे. तेव्हा आज पुस्तकेच नाहीत, अशी तक्रार करता येणार नाही. तक्रार आहे ती ती कोणापर्यंत पोहोचतात याविषयी आणि त्यांत कोणाचे घर दिसते याविषयी.

कोणाचे घर?

अमेरिकेत नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली एका गाजलेल्या लेखात १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतील पाच हजारांहून अधिक बालपुस्तकांची पाहणी मांडली. त्यांतील केवळ ६.७ टक्के पुस्तकांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती. कीट्स यांचा पीटर हा कृष्णवर्णीय मुलगा होता, याचे मोल या आकड्यावरून कळते. पीटरच्या रंगाविषयी पुस्तकात एक अक्षर नाही. तो कोणत्याही मुलासारखा बहिणीवर रुसतो. पण त्या रुसण्याला चेहरा मिळाला तो आजवर पुस्तकात ज्याला जागा नव्हती अशा मुलाचा.

हा प्रश्न आपण आपल्यालाही विचारला पाहिजे. आपल्या चित्रपुस्तकांतील मुलाला स्वतंत्र खोली असते, खिडकीत कुंडी असते आणि वडील संध्याकाळी सहाला घरी येतात. महाराष्ट्रातील किती मुलांचे घर असे आहे? बीड जिल्ह्यातील आणि मराठवाड्याच्या इतर भागांतील लक्षावधी माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही मुले कोयत्याबरोबर जातात, काही आजीपाशी मागे राहतात. मागे राहिलेल्या मुलाच्या लेखी हे राष्ट्रीय स्थलांतर नसते. आई गेली, हे त्याच्या घरातले रोजचे दुःख असते. पालावर गेलेल्या मुलाचा मित्र गावात राहतो आणि परत येईपर्यंत त्याला दुसरा मित्र मिळालेला असतो. खोलीभर संसारात पाहुणे आले की अंथरुणाची जागा जाते. ही पुस्तकाचीच सामग्री आहे. तिच्यावर दया दाखविणारी पुस्तके नकोत, तिला ‘समस्या’ म्हणून मांडणारीही नकोत. डेव्हच्या कुत्र्याकडे शर्ली ह्यूझ यांनी जितक्या गंभीरपणे पाहिले तितक्याच गंभीरपणे त्या अंथरुणाच्या जागेकडे पाहणारी पुस्तके हवीत.

हिशेब

आता खर्चाकडे वळू. रंगीत चित्रपुस्तक महाग का पडते? कागद हे त्याचे एक कारण आहे. त्याखेरीज पहिली प्रत छापण्यापूर्वीच होणारा स्थिर खर्चही मोठा असतो. चित्रकाराचे मानधन, मांडणी, निळा, किरमिजी, पिवळा व काळा या चार रंगांचे छपाईसाचे आणि यंत्राची जुळणी यांना लागणारा पैसा हजार प्रती काढल्या काय आणि पन्नास हजार काढल्या काय, सारखाच लागतो. हजार प्रतींवर तो विभागला की किंमत चढते, आणि किंमत चढली की गिऱ्हाईक कमी होऊन पुन्हा हजारच प्रती निघतात. मराठी चित्रपुस्तक या दुष्टचक्रात सापडले आहे. मजकूर फक्त काळ्या साच्यावर ठेवला तर बाकीचे तीन साचे तसेच ठेवून तेवढा एक बदलला की तेच पुस्तक दुसऱ्या भाषेत निघते. जगभर चित्रपुस्तकांच्या सहप्रकाशनाचा व्यवहार या साध्या युक्तीवर चालतो आणि आपल्या बहुभाषिक देशाला ती विशेष सोयीची आहे. प्रथम बुक्सने तर २०१५ पासून आपल्या पुष्कळ पुस्तकांचे मुक्त परवान्याचे भांडार खुले केले आहे. ती कोणीही भाषांतरित करून छापू शकतो.

करपद्धतीचीही येथे एक गंमत आहे. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. पण प्रकाशक कागदावर आणि छपाईच्या कामावर कर भरतच असतो, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळेच त्या कराची वजावट त्याला मिळत नाही. तो कर गुपचूप किमतीत शिरतो. पुस्तक करमुक्त ठेवण्याऐवजी ते शून्य दराच्या वर्गात घालून भरलेला कर परत द्यावा, ही मागणी वाजवी आहे.

तथापि केवळ किंमत उतरून भागणार नाही. मागणी म्हणजे केवळ इच्छा नव्हे. इच्छेमागे पैसा असेल तरच बाजार ती ऐकतो. अंगणवाडीतल्या मुलाची इच्छा बाजाराला ऐकू येत नाही. रिचर्ड मसग्रेव्ह यांनी १९५० च्या दशकात अशा वस्तूंचा एक वर्गच सांगितला, की ज्या लोकांनी आपणहून विकत घेण्याची वाट न पाहता समाजाने पुरवाव्यात. लस व शालेय भोजन यांना आपण त्या वर्गात घातले आहे. चित्रपुस्तकाला घालायला काय हरकत आहे?

हरकत पैशाची असेल तर हिशेब करून पाहू. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. आज महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. समजा, प्रत्येक अंगणवाडीला २५ चित्रपुस्तके दिली. एकूण प्रती होतील साडेसत्तावीस लाख. एवढ्या मोठ्या आवृत्तीत एका प्रतीला सरासरी ६० रुपये पडले असे धरू. एकूण खर्च साडेसोळा कोटी रुपये. ज्या राज्याचे वार्षिक अंदाजपत्रक सहा लाख कोटी रुपयांच्या पुढे गेले आहे, त्याच्या दृष्टीने हा खर्च लाख रुपयांमागे पावणेतीन रुपयांहूनही कमी भरतो. आणि तोही दरवर्षी करायचा नाही. तीन वर्षांतून एकदा केला तरी चालेल.

अंगणवाडीतून बाहेर पडलेल्या मुलासाठी सार्वजनिक ग्रंथालये आहेत. १९६७ च्या कायद्याखाली महाराष्ट्रात दहा हजारांहून अधिक ग्रंथालयांना शासनाची मान्यता मिळाली आहे. मद्रास प्रांताच्या १९४८ च्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसविला. आपल्या कायद्यात तशी तरतूद नाही, सारी भिस्त अनुदानावर आहे. उपकराचा प्रश्न मोठा आहे व त्याची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी. पण ग्रंथालयाला अनुदान देताना त्यातील ठराविक हिस्सा सात वर्षांखालील मुलांच्या पुस्तकांवर खर्च झालाच पाहिजे, एवढी अट घालायला कायदा बदलावा लागणार नाही.

कपाटाचे कुलूप

पुस्तके खरेदी झाली म्हणजे ती मुलांच्या हाती पडली, असा भाबडा समज मात्र शिक्षकांनी व कारकुनांनी तरी बाळगू नये. पुस्तके येतात, डेडस्टॉक रजिस्टरात चढतात आणि कपाटात जातात. कपाटाला कुलूप लागते. यात अंगणवाडीसेविकेचा किंवा शिक्षकाचा दोष नाही. पुस्तक फाटले किंवा हरवले तर जाब त्यांना द्यावा लागतो, आणि न उघडलेल्या कपाटाबद्दल मात्र कोणी जाब विचारीत नाही. व्यवस्थाच अशी असेल तर कोणताही शहाणा माणूस कपाट बंद ठेवील.

म्हणून हिशेबाचा नियम बदलला पाहिजे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे चित्रपुस्तक हे टेबल-खुर्चीच्या वर्गातले नव्हे. ते खडूच्या वर्गातले आहे. ते वापरून झिजावे यासाठीच घ्यायचे असते. ठराविक मुदतीनंतर ते आपोआप निर्लेखित व्हावे आणि त्याबद्दल कोणाकडूनही भरपाई मागू नये. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने उलट प्रश्न विचारावा : तुमची पुस्तके इतकी नवी कोरी कशी राहिली? एका साध्या परिपत्रकाने हे काम होईल, आणि माझ्या मते साडेसोळा कोटींच्या खरेदीहून हे परिपत्रक अधिक महत्त्वाचे आहे.

औषध नव्हे

शेवटी एक इशारा दिला पाहिजे. मुलांच्या भावनांचा विषय आता बाजारालाही कळू लागला आहे. राग कसा आवरावा, वाटून कसे खावे, बाळावर प्रेम कसे करावे, असे एकेका दुखण्यावर एकेक पुस्तक देणारे संच निघत आहेत. ही जुनी बोधकथाच आहे. तिने फक्त वेष बदलला आहे. ज्या पुस्तकातला मुलगा तिसऱ्या पानावर रुसतो आणि शेवटच्या पानावर शहाणा होऊन सर्वांचे आभार मानतो, ते पुस्तक मुलांना लगेच ओळखू येते. हे आपल्याविषयी नसून मोठ्यांच्या सोयीसाठी आहे, हे त्यांना कळते.

शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती की असे पुस्तक वाचून दाखविल्यावर ‘मग आपण काय शिकलो?’ हा प्रश्न विचारू नये. पान उघडे ठेवून थोडा वेळ गप्प बसावे. मुलाला बोलायचे असेल तर ते बोलेल, बोलायचे नसेल तर पुन्हा तेच पुस्तक वाचायला सांगेल. विसाव्यांदा वाचायला सांगितले तर कंटाळू नये. खर्चाच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक वाचनाबरोबर त्या पुस्तकाची किंमत उतरत असते.

अशा पुस्तकांनी मुले हळवी होतील आणि भांडायला शिकतील, अशी भीती काहींना वाटते. भांडायला मुलांना पुस्तक लागत नाही. आपले भांडण आणि आपले रडू यांना नाव देता येण्यासाठी मात्र कोणाची तरी मदत लागते. ज्याला चौथ्या वर्षी आपले दुःख सांगता आले नाही, त्याला चाळिसाव्या वर्षी ते सांगता येईलच असे नाही, आणि दुसऱ्याचे ऐकून घेणे तर त्याहून कठीण जाते. आपल्या घरांत, कचेऱ्यांत आणि सभागृहांत याची उदाहरणे काही कमी नाहीत. लाख रुपयांमागे पावणेतीन रुपये हा खर्च त्या मानाने फार नव्हे. येत्या अंदाजपत्रकात तो दिसावा आणि त्याबरोबर कपाटाचे कुलूप काढणारे ते परिपत्रकही निघावे, एवढी अपेक्षा शासनाकडून करणे गैर ठरू नये.